डाळीचं पाणी नको, डाळ द्या

कामं आटोपली का? आटोपली नसतील तर हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. घरात आजी असतील, मोठी मुलगी असेल, तर त्यांनाही जवळ बोलवा. कारण आजचा विषय एकट्या आईचा नाही. बाळाला जो कोणी भरवतो, त्या प्रत्येकाचा आहे.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. एरवी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आज सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या खाण्याबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच घरातल्या चुकीपासून करणार आहे.

माझ्या मुलीचं उष्टावण थाटात झालं. मामाने मांडीवर घेतलं, खीर चाटवली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून वरचं खाणं सुरू झालं. पंधरा दिवसांत माझी कामंही सुरू झाली. सकाळी अंगावर पाजून मी गावोगावच्या बैठकांना जायची आणि दुपारी तीनपर्यंत परत यायची. मधल्या वेळात सासूबाई भरवायच्या. वरणावरचं पाणी निथळून घ्यायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि वाटीभर पाजायचं. बाळ आवडीने प्यायचं, ढेकर द्यायचं, झोपायचं. मी विचारलं की सासूबाई सांगायच्या, “वाटी संपवली गं पोरीनं.” मी निश्चिंत.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा अंगणवाडीत वजन केलं. सेविकाताईंनी तक्ता माझ्यापुढे धरला. सहाव्या महिन्यात 6 किलो 600 ग्रॅम. सातव्यात 6 किलो 700. आठव्यात तेवढंच. नवव्यातही तेवढंच. मी म्हटलं, “ताई, हिरव्या पट्ट्यात आहे ना, मग काय काळजी?” त्या म्हणाल्या, “मॅडम, पट्टा नका बघू. रेघ बघा. रेघ आडवी झालीय.”

खरंच आडवी झाली होती. तीन महिन्यांत माझं बाळ जेमतेम 100 ग्रॅम वाढलं होतं. बी.ए. झालेली मी, गटात सगळ्यांना शहाणपण सांगणारी मी, आणि मला ते दिसलं नव्हतं. कारण वाटी रोज संपत होती.

पोट लहान, गरज मोठी

आता यामागचं कारण समजून घेऊ. बाळाचं पोट फार लहान असतं. साधारण दर किलो वजनामागे 30 मिली धरा. म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलीच्या आसपास मावतं, चहाच्या दोन लहान कपांएवढं. त्यात पाणी भरलं तर जागा संपते. बाळाला पोट भरल्यासारखं वाटतं, ते रडत नाही, झोपी जातं. पण अंगाला काही लागत नाही.

आणि याच वयात त्याची वाढ झपाट्याने होत असते. जन्माच्या वेळचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट होतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, त्या काळात पाणीसुद्धा लागत नाही. नंतर दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, पण ते एकटं पुरत नाही. पोटात असताना बाळाने आईकडून घेतलेला लोहाचा साठाही सहा महिन्यांनंतर संपत येतो. दुधाशिवाय जे लागतं ते वाटीतूनच मिळायला हवं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550.

डाळीचं पाणी, भाताची पेज, पातळ सूप, पाणी घातलेलं दूध यांत हे उष्मांक कुठून येणार? डाळीतलं कसदार ते भांड्याच्या तळाशी राहतं. आपण वरचं निथळून बाळाला देतो आणि तळातलं घट्ट वरण मोठ्या माणसांच्या ताटात वाढतो. नेमकं उलटं व्हायला हवं.

घट्ट म्हणजे किती घट्ट, ते ओळखायला चमचा पुरे. वाटीतून चमचा भरून घ्या आणि तिरपा करा. पदार्थ पाण्यासारखा घळाघळा वाहून गेला तर तो पातळ आहे. चमच्यावर टिकून राहिला, हळूच खाली पडला, तर बाळासाठी बरोबर आहे.

मी घरी येऊन सासूबाईंसमोर हेच करून दाखवलं. त्या आधी चिडल्या. “आमची चार पोरं ह्याच्यावरच वाढली,” म्हणाल्या. मी वाद घातला नाही. तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही, पण रेघ दिसते. बराच वेळ बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “दुभत्या म्हशीला नुसतं पाणी दाखवून भागतं का? पेंड लागतेच की.” त्या दिवसापासून वरण घोटायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

कधी, किती, कसं

आता हिशेब सांगते. 250 मिलीची मोठी वाटी धरा.

सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करायची आणि हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जायचं. दिवसातून दोन ते तीन वेळा. अन्न मऊ, कुस्करलेलं, पण घट्ट.

नऊ ते अकरा महिन्यांत एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून तीन ते चार वेळा. आता अगदी बारीक करू नका. जरा जाडसर राहू द्या, म्हणजे बाळ चावायला शिकतं. हातात धरून खाता येईल असं काही द्या, उकडलेल्या बटाट्याची फोड किंवा पिकलेल्या केळ्याचा तुकडा.

एक ते दोन वर्षांत पाऊण ते पूर्ण वाटी, तीन ते चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा फळ किंवा दुसरा खाऊ. आता घरात शिजतं तेच खायचं. फक्त तिखट घालण्याआधी बाळाचं बाजूला काढायचं.

मिक्सरमध्ये फिरवून गाळून घेऊ नका. फिरवायचं तर पाणी घालावं लागतं, आणि आपण पुन्हा पातळावर येतो. चमच्याने किंवा हाताने कुस्करलेलं पुरतं.

वाटीत काय घालायचं?

वेगळं विकत आणायला फारसं काही लागत नाही. मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून. मुगाची खिचडी. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग वरणात किंवा दुधात भिजवून. नाचणीची घट्ट लापशी. दोन-तीन वाट्या तांदूळ किंवा ज्वारीला एक वाटी मुगाची डाळ घ्या, भाजून भरडून ठेवा, महिनाभर हाताशी राहतं.

त्यात तीन गोष्टी आठवणीने घाला. पहिली, एक छोटा चमचा तेल किंवा तूप. पाच ग्रॅम तेलात 45 उष्मांक असतात आणि ते जागा अडवत नाही. दुसरी, काहीतरी रंगीत, म्हणजे गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पालक, पपई. तिसरी, अंगाला ताकद देणारं, म्हणजे घट्ट डाळ, दही, शेंगदाण्याचा बारीक कूट. घरात चालत असेल तर अंडं, मासा, कलेजी सहा महिन्यांनंतर देता येतं. अंडं पूर्ण शिजवा, माशाचे काटे नीट काढा. पालेभाजीवर दोन थेंब लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध आशाताई देतात, तेही चुकवू नका.

काय टाळायचं? वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर घालायची गरज नाही. चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांची पाकिटं बाळाची भूक मारतात, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बाटलीही नको. ती नीट धुतली जात नाही, जुलाबाचं घर होते. वाटी-चमचा बरा. भरवण्याआधी आपले आणि बाळाचे हात साबणाने धुवायचे, आणि उष्टं उरलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

आई शेतात गेल्यावर

मैत्रिणींनो, खरी अडचण इथे आहे हे मला ठाऊक आहे. खुरपणीला सकाळी आठला निघालेली बाई दोनला परत येते. तेवढ्यात बाळाच्या दोन वेळा चुकतात. सहा-सात वर्षांची बहीण सांभाळत असेल तर ती बिस्कीट देणार, दुसरं काय करणार?

आमच्या एका गटाने यावर साधा उपाय काढला. ज्या बाया त्या दिवशी कामाला जाणार नाहीत, त्यांच्यापैकी एकीने अकरा वाजता तीन-चार घरची बाळं एकत्र बसवून भरवायची. ज्याची त्याची वाटी ज्याच्या त्याच्या घरून झाकून यायची. पाळी ठरली, वहीत नावं लिहिली, जशी आपण हप्त्याची लिहितो. पैसा लागला नाही. आणि एक गंमत दिसली, चार बाळं एकमेकांकडे बघून जास्त खातात.

बाळाची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात चार घास भरवले तर त्याने किती खाल्लं ते कळत नाही. भरवताना समोर बसा, बोला, वेळ द्या. तोंड फिरवलं तर थोडं थांबून पुन्हा विचारा. नाक दाबून, पाय धरून भरवू नका. मोबाइल दाखवूनही नको, बाळाला आपण काय खातोय तेच कळत नाही. हे काम बाबांनाही येतं बरं का. संध्याकाळची एक वाटी त्यांच्याकडे द्या.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहार मिळतो. तो बाळाच्याच वाटीत गेला पाहिजे. घरभर वाटला जातो, कधी गुरांच्या दावणीत जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. चव आवडत नसेल तर थोडं तूप घालून, भाजून, लापशी करून बघा.

आजारात वाटी बंद नाही

जुलाब झाले की पहिलं वाक्य ऐकू येतं, “पोटाला आराम द्या.” नको. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून थोडं थोडं पाजा, आणि मऊ अन्न थोडं थोडं, जास्त वेळा द्या. झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण करा, जुलाब आधी थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्त भरवा, गेलेलं वजन भरून निघतं. पण बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, सगळं उलटून टाकू लागलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

दर महिन्याला वजन करा आणि सेविकाताईंना दंडाचा घेरही मोजायला सांगा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तो 12.5 सेंटिमीटरच्या वर हवा. 11.5 च्या खाली गेला किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर ते तीव्र कुपोषण आहे. बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवायचं. अशा मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रं असतात. तिथे जायला लाजू नका.

माझ्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. वरण घट्ट झालं, वाटीत तुपाचा चमचा आला, दोनाच्या चार वेळा झाल्या. दहाव्या महिन्यात ती 7 किलो झाली, वर्षाला 7 किलो 700. रेघ वर चढली. तो तक्ता मी जपून ठेवलाय. बैठकीत कोणी म्हणालं, “माझं बाळ पोटभर खातं, तरी वाढत नाही,” तर मी तो काढून दाखवते.

आता एक काम सांगते. येत्या बैठकीला, ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे त्यांनी बाळाची वाटी, जशी भरवता तशी भरून आणा. शक्य असेल तर भरवणाऱ्या आजींनाही सोबत आणा. हप्ते गोळा झाले की सगळ्या मिळून चमचा तिरपा करून बघू. कोणाचं पातळ निघालं तर हसायचं नाही. माझंही पातळच निघालं होतं.