लॉची सीट: घ्यावी की थांबावं?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची (एनएलयू) प्रवेश परीक्षा क्लॅट डिसेंबरात, राज्याची लॉ सीईटी उन्हाळ्यात आणि तिच्या केंद्रीभूत प्रवेशाचे (कॅप) राउंड पावसाळ्यात. या तारखांचा मेळ बसत नाही, म्हणून नागपूरच्या मुलांपुढे दरवर्षी तोच पेच पडतो. हाती आलेली सीट घ्यावी, पुढच्या फेरीची वाट पाहावी, की ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा द्यावी? सल्ले चहूबाजूंनी येतात आणि त्यातले बरेच ऐकीव असतात. पाच वर्षांचा निर्णय ऐकीव माहितीवर घेऊ नये, म्हणून हे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज: ‘फ्लोट’ केलं की मिळालेली सीट जाते.

वस्तुस्थिती: क्लॅटच्या समुपदेशनात सीट मिळाली की तीन पर्याय समोर येतात. ‘फ्रीझ’ म्हणजे हीच सीट पक्की, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. ‘फ्लोट’ म्हणजे ही सीट ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहणं. ‘एक्झिट’ म्हणजे सगळी प्रक्रियाच सोडणं. फ्लोटमध्ये वरची सीट मिळाली नाही, तर हातातली कायम राहते. वरची मिळाली, तर मात्र आधीची आपोआप रद्द होते आणि परत मागता येत नाही.

खरी चूक पसंतीयादी भरतानाच होते. क्लासमधून मिळालेली क्रमवारी जशीच्या तशी पसंतीयादीत उतरवली जाते. बुटीबोरीजवळच्या वारंगा इथलं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ यादीत आठवं आणि ज्या गावी मुलाला पाठवायची घरच्यांची तयारीच नाही, तिथलं विद्यापीठ सातवं. मग फ्लोट केल्यावर सातवं मिळतं आणि घरात रडारड होते. नागपूरच्या या विद्यापीठाच्या वर फक्त तीच नावं लिहा, जिथे उद्या बोलावलं तर तुम्ही खरंच जाल. मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना आपल्या प्रवर्गाचा आणि महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव असलेल्या जागांचा आकडा पाहा. अधिवास आणि नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्रं आधीच काढून ठेवा. ऐन वेळी सेतू केंद्रापुढच्या रांगेत उभं राहून मुदत गाठणं अवघड असतं.

गैरसमज: ड्रॉप घेतला की वय उलटतं आणि वर्ष फुकट जातं.

वस्तुस्थिती: बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2016 मध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 20 आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 30 वर्षांची कमाल वयोमर्यादा पुन्हा लागू करायचा प्रयत्न केला. मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आज क्लॅटला किंवा राज्याच्या लॉ सीईटीला वय आड येत नाही.

हिशेब करायचा तो महिन्यांचा. डिसेंबर 2022 पासून क्लॅट डिसेंबरात होते. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, म्हणजे तयारीला जेमतेम नऊ महिने मिळतात. रँक थोडक्यात हुकली असेल, तर एवढे महिने पुरतात. इंग्रजी उताऱ्यांचं वाचनच कच्चं असेल, तर नुसता ड्रॉप घेऊन भागत नाही, अभ्यासाची रीत बदलावी लागते. शिवाय वेळापत्रक कोलमडूही शकतं. 1 डिसेंबर 2024 च्या क्लॅटमधल्या चुकीच्या प्रश्नांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याचा निकाल 7 मे 2025 रोजी लागला. तोवर हजारो मुलं टांगणीला होती.

गैरसमज: आता कुठेही प्रवेश घेऊ, नाही जमलं तर तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडू.

वस्तुस्थिती: बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनी ही वाट बंद केली आहे. पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम मध्येच तोडून बीएची वेगळी पदवी देता येत नाही. पदवीधर आहे म्हणून त्याच्या मधल्या वर्षात थेट प्रवेशही मिळत नाही. लॉबद्दल मनात शंका असेल, तर आधी साधी पदवी घ्या आणि नंतर तीन वर्षांच्या एलएलबीला जा. वकिलीची सनद दोन्ही वाटांनी तीच मिळते. ऑल इंडिया बार परीक्षाही दोघांना एकच.

गैरसमज: एनएलयू नाही मिळालं तर वकिलीत काही खरं नाही.

वस्तुस्थिती: मोठ्या कॉर्पोरेट फर्म कॅम्पसवर येतात तेव्हा एनएलयूच्या नावाचा फायदा होतो, हे मान्य करायला हवं. पण कोर्टातली वकिली नावावर चालत नाही. न्या. शरद बोबडे यांनी 1978 मध्ये नागपूर विद्यापीठातून एलएलबी केलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली केली आणि 2019 मध्ये ते सरन्यायाधीश झाले. 2025 मध्ये सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई अमरावतीचे, त्यांचीही वकिली बहरली ती याच खंडपीठात. नागपूर विद्यापीठाचं विधी महाविद्यालय, म्हणजे आजचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, 1925 पासून चालू आहे. पुढे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला तिथे शिकवत असत.

नावापेक्षा आधी मान्यता तपासा. विद्यापीठाशी संलग्नता पुरेशी नाही. बार कौन्सिलची मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी सनदेच्या कामाची नाही.

गैरसमज: एकदा प्रवेश घेतला की फी बुडाली आणि मूळ कागद अडकले.

वस्तुस्थिती: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून फार तर 5 टक्के आणि तेही जास्तीत जास्त 5,000 रुपये कापता येतात. उशीर होत जाईल तसा परतावा 90, 80, 50 टक्क्यांवर येतो आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. क्लॅट समुपदेशनात आणि कॅपमध्ये भरलेल्या रकमांचे नियम मात्र वेगळे असतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच पैसे भरा.

गैरसमज: लवकर प्रवेश, लवकर पदवी आणि लगेच न्यायाधीश.

वस्तुस्थिती: 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीश व्हायचं असेल तर पदवीनंतरची ही तीन वर्षं आजच हिशेबात धरा. त्या काळात कमाई बेताचीच असते, म्हणून महाग कॉलेजसाठी कर्ज काढताना हप्ते कधी सुरू होतील, हे आधी बँकेला विचारा.

थोडक्यात, कॉलेज मान्यताप्राप्त आहे, पाच वर्षांचा खर्च झेपतो आणि तुम्हाला वकील व्हायचं आहे, असं तिन्ही असेल तर हातातली सीट सोडू नका. थांबायचं असेल, तर किती गुण वाढवायचे आणि ते कसे, हे कागदावर लिहून थांबा. शेजारच्याचा मुलगा मोठ्या विद्यापीठात गेला, एवढ्यासाठी आयुष्याचं एक वर्ष पणाला लावू नका.