आमवात आणि रक्ताचा कागद



लग्नाचा बस्ता बांधायला आपण छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत येतो. त्याच फेरीत घरातल्या कुणाच्या दुखऱ्या सांध्यांसाठी रक्तही तपासून घेतो. कागदावर ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ दिसले की घर हादरते. ‘निगेटिव्ह’ दिसले की दुखणे अंगावर काढले जाते. दोन्ही चूक.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर पाहणी केली. सांधे, स्नायू वा कंबर दुखणारे प्रौढ शेकडा १८ च्या आसपास निघाले. आमवात मात्र दोनशेंत सुमारे एकालाच होता. तेव्हा प्रत्येक सांधेदुखी आमवात नव्हे.

आता कागद पाहू. ईएसआर व सीआरपी या तपासण्या अंगात दाह किती आहे ते सांगतात. पिकाची पाने पिवळी पडली की बिघाड कळतो. लोह कमी की मुळाशी पाणी साचले, हे रानात जाऊनच पाहावे लागते. तसेच हे. जंतुसंसर्गाने दोन्ही वाढतात. अंगात रक्त कमी असले तरी ईएसआर चढतो.

आरए फॅक्टर आमवाताच्या शंभर रोग्यांपैकी सत्तर-ऐंशी जणांत सापडतो, उरलेल्यांत नाही. उलट काही धडधाकट माणसांत, म्हाताऱ्यांत व क्षयासारख्या आजारातही तो सापडतो. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला तर आमवाताचा संशय बराच बळावतो. पण निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाहीच असे नव्हे.

म्हणून सांधे दाखवा. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडतात, धार काढताना मूठ वळत नाही, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, असे सहा आठवडे चालले तर थांबू नका. घाटीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर सांधे वाकडे होतात; ते गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

औषध सुरू झाल्यावरही रक्त तपासावे लागते. मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. तिचा यकृतावर व रक्तपेशींवर परिणाम होतो का, हे पाहण्यासाठी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करा. दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल तर आधीच सांगा.

सारे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा आणि दर खेपेस सोबत न्या. एका कागदापेक्षा सगळे कागद मिळून डॉक्टरांना अधिक सांगतात.