उधारीची वही संगणकावर : मोंगूज नावाचा मुनीम

दुकानाचा हिशोब संगणकावर नेताना आपण यंत्राची किंमत विचारतो, प्रोग्राम लिहिणाऱ्याची मजुरी ठरवतो. पण चुकीची नोंद अडवणार कोण, हे विचारायचे राहून जाते. पुढे गिऱ्हाइकाशी तंटा होतो तो नेमका याच ठिकाणी.

हिशोब साठवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत छापील रोजमेळाप्रमाणे रकाने आधीच आखलेले असतात. दुसरी पद्धत दस्तऐवजी डेटाबेसची. तीत प्रत्येक नोंद हा जणू सुटा कागद असतो आणि त्यावर हवे ते लिहिता येते. २००९ साली आलेला मोंगोडीबी हा याच प्रकारातला. आपल्या धंद्याला ही पद्धत सोयीची आहे. बांगडीला माप लागते, कापडाला पन्हा, अत्तराला तोळा. सर्व माल एकाच साच्यात कोंबावा लागत नाही.

मात्र वेगळा नियम घातला नसेल, तर हा डेटाबेस येईल ते ठेवून घेतो. एका कागदावर रक्कम आकड्यात, दुसऱ्यावर अक्षरी आणि तिसऱ्यावर रक्कमच नाही! मग वर्षअखेर बेरीज कशाची करावी?

येथे मोंगूज कामी येते. नोड जेएसवर चालणारा प्रोग्राम आणि मोंगोडीबी यांच्यामध्ये मुनीमासारखी बसणारी ही मोफत मिळणारी लायब्ररी आहे. प्रोग्रामर आधी स्कीमा, म्हणजे नोंदीचा नमुना, लिहितो : गिऱ्हाइकाचे नाव आवश्यक; रक्कम आकडाच हवी व शून्याहून कमी नको; प्रकार ‘जमा’ किंवा ‘नावे’ यांपैकीच; तारीख दिली नाही तर आजची. या नमुन्यावरून मॉडेल तयार होते आणि नोंद करणे, शोधणे, दुरुस्त करणे ही कामे त्याच्यामार्फत चालतात. नियमात न बसणारी नवी नोंद मोंगूज परत पाठवते व कारणही सांगते.

तरीही या मुनीमाच्या काही सवयी ठाऊक हव्यात :

१) जुनी नोंद थेट बदलण्याच्या आज्ञेत ही तपासणी आपोआप होत नाही, ‘रन-व्हॅलिडेटर्स’ हा पर्याय चालू करावा लागतो. उधारीत खरा घोटाळा दुरुस्तीच्या वेळीच होतो, हे ध्यानात असावे.

२) नमुन्यात नसलेली माहिती मोंगूज गुपचूप गाळते. जामीनदाराचे नाव भरले, पण नमुन्यात ती जागाच नसेल, तर ते साठवले जाणार नाही.

३) इंग्रजी अंकांत आलेली रक्कम ती आकडा म्हणून स्वीकारते, मराठी अंकांत लिहिलेले ‘५००’ मात्र नाकारते. मराठी कळफलक वापरणाऱ्यांसाठी अंक बदलून घेण्याची सोय प्रोग्राममध्ये आधी करून घ्यावी.

४) रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी. संगणकाच्या दशांश गणितात बारीक फरक पडतो.

५) मोंगूजला वळसा घालून कोणी थेट डेटाबेसमध्ये लिहिले, तर मुनीम ते पाहतही नाही. म्हणून डेटाबेसची किल्ली मोजक्याच हातांत असावी.

हे सर्व स्वतः शिकण्याची गरज नाही. प्रोग्रामरला समोर बसवून नमुना मराठीत वाचून दाखवायला सांगा. मग त्याच्यासमोर मुद्दाम नाव न लिहिता एक नोंद करा आणि एका जुन्या नोंदीची रक्कम उणे करून पाहा. दोन्ही अडल्या, तरच पैसे चुकते करा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची देणी लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची ताकीद आहे. वही कागदाची असो वा संगणकाची, ती जबाबदारी मालकाचीच राहते.