एकच ऑर्केस्ट्रा, दोन जन्मसालं

समजा, तुमच्या प्रपोजलमध्ये केस म्हणून पोलंडचा राष्ट्रीय रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. गाईडचा पहिला प्रश्न येणार: स्थापना कधीची? तुम्ही १९३५ म्हणून मोकळे होता, आणि गाडी तिथेच अडते.

१९३५ चुकीचं नाही. त्या वर्षी गझेगोश फिटेलबर्ग यांनी वॉर्सामध्ये पोलिश रेडिओसाठी हा वाद्यवृंद उभा केला. १९३९ मध्ये जर्मनीचं आक्रमण झालं आणि सगळं थांबलं. १९४५ मध्ये विटोल्ड रोवित्स्की यांनी तो पुन्हा उभारला, पण काटोवित्सेमध्ये. वॉर्साचे ढिगारे झाले होते, कोळशाच्या पट्ट्यातलं काटोवित्से त्या मानाने शाबूत होतं. आता शहर वेगळं, राजवट वेगळी. मग हा 'तोच' ऑर्केस्ट्रा कशावरून? एक दुवा आहे: १९४७ मध्ये फिटेलबर्ग परत आले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत सूत्रं त्यांच्याकडे होती.

कुठलं साल धरायचं, हे तुमचा संशोधन-प्रश्न ठरवतो. 'रेडिओने संगीताला कसा आश्रय दिला' असा प्रश्न असेल तर १९३५ पासून सुरू करा. 'सरकार आणि कलावंत' असा असेल तर खरा मसाला १९४५ नंतरच आहे. उदाहरणार्थ, लुटोस्लाव्स्की यांची पहिली सिम्फनी याच ऑर्केस्ट्राने फिटेलबर्ग यांच्या संचालनाखाली १९४८ मध्ये काटोवित्सेत पहिल्यांदा वाजवली. पुढच्याच वर्षी तिच्यावर 'फॉर्मलिझम'चा शिक्का बसला आणि अनेक वर्षं ती मैफलींतून गायब झाली. म्हणजे सरकारी रेडिओच्या पैशावर चालणाऱ्या वाद्यवृंदाने जे सादर केलं, तेच सरकारला खटकलं! माझ्या मते यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

आणखी एक खड्डा, नावाचा. पोलिश नावात 'राष्ट्रीय' हा शब्द अधिकृतपणे १९९९ मध्ये आला. त्याआधी तिथे 'महान' होतं, मध्ये काही काळ 'टेलिव्हिजन'ही जोडलेलं होतं. पण नॅक्सॉसच्या १९९० च्या दशकातल्या सीडींवर इंग्रजीत 'नॅशनल' आधीच छापलेलं दिसतं. त्यामुळे आजचं पोलिश नाव टाकून जुने पेपर शोधलेत तर हाती फारसं काही लागणार नाही, आणि तुम्ही 'साहित्य उपलब्ध नाही' असं लिहून बसाल. कॅटलॉगमध्ये संचालकांच्या नावाने शोधा: फिटेलबर्ग, रोवित्स्की, १९५३ नंतर यान क्रेन्झ. पाट्या बदलल्या तरी ही नावं जागच्या जागी सापडतात.