परगावी बाळंत झालात तर?

कोणता देश राहायला चांगला, यावर तुमच्याही घरी वाद होत असतील. मी पगार नाही, एवढंच विचारेन: परगावी दिवस भरलेल्या बाईचं काय होतं?

तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला कळवलं, की आमच्या छत्रांत, म्हणजे मोफत धर्मशाळांत, वाटसरू बाई बाळंत झाली तर खर्च, औषध आमचं. वर तीन महिने मुक्काम. लगोलग ओरत्तनाडुला त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारलं.

त्याच काळी इंग्लंडात गरीब, अविवाहित गरोदर बाईला मूळ गावी धाडता येई. बाळाचा खर्च गावावर नको! (तंजावरात सगळेच सुखी होते असं नव्हे हं.)

आज? इंग्लंडात रहिवासी बाईचं सरकारी बाळंतपण मोफत, फिरायला आलेलीला मात्र बिल.