वारा, पाणी आणि शिडाची फळी

एखाद्या धरणाच्या काठावर उभे राहून पाण्याकडे नीट पाहा. आपल्या भागातील हतनूरचा जलाशय यासाठी चांगला आहे. एके ठिकाणी पाणी आरशासारखे चकाकते, तर शेजारूनच बारीक लाटांचा काळसर पट्टा सरकत जातो. पाणी चकाकते तेथे वारा पडलेला असतो. पाणी काळसर दिसते तेथे वाऱ्याचा झोत उतरलेला असतो. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी त्याची खबर देते. ही खबर वाचायला शिकणे हा विंडसर्फिंगचा पहिला धडा आहे.

विंडसर्फिंग म्हणजे शिडाच्या फळीवर उभे राहून पाण्यावरून जाणे. उर्दूत ज्याला आपण 'बादबान' म्हणतो, त्यालाच मराठीत 'शीड' म्हणतात. होडीची डोलकाठी पक्की बसवलेली असते. या फळीवरील डोलकाठी मात्र अशा सांध्यावर बसवतात की, ती कोणत्याही दिशेला झुकू शकते. अमेरिकेतील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ साली अशा फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. १९९२ साली बार्सिलोना येथे स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली.

या फळीला सुकाणू नसते. मग ती वळते कशी? खेळाडू शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरतो. शीड पुढे झुकवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकवले की ते वाऱ्याकडे वळते. वारा अगदी समोरून येत असेल, तर सरळ जाता येत नाही. तेव्हा थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे असे तिरपे जात नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते.

खुल्या समुद्रावर वारा बराचसा एकसारखा वाहतो. तळ्यावर तसे नसते. याचे कारण फैजपूर-रावेरकडच्या मुलांना लवकर कळेल. आपले शेतकरी केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात. शेवरीच्या आड वारा मंदावतो आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा जोर धरतो. तळ्याच्या काठचे डोंगर आणि झाडे हेच काम करतात. त्यांच्यामुळे वारा अडतो, घुमतो आणि अचानक खाली उतरतो. पुण्याजवळचा खडकवासला जलाशयही असाच डोंगरांच्या कुशीत आहे. तेथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या आणि विंडसर्फिंग शिकतात.

अशा लहरी वाऱ्यात केवळ ताकद उपयोगी पडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी १० किलोमीटरचा वारा एका झोतात २० किलोमीटरचा झाला, तर चौपट जोर हातांनी कसा पेलणार? म्हणून काळसर पट्टा जवळ येताना दिसला की खेळाडू गुडघे वाकवतो आणि अंग मागे टाकतो. तरीही जोर जास्त वाटला, तर तो मागचा हात सैल सोडतो. शिडातला वारा निसटून जातो आणि तोल सावरतो. झोत संपला की उलट करावे लागते. अंग झटकन फळीवर आणले नाही, तर माणूस पाठीवर पाण्यात पडतो.

वारा पूर्णच पडला तर? शीड पाण्यावर आडवे करायचे, फळीवर पालथे झोपायचे आणि हातांनी वल्हवत काठ गाठायचा. फळी सोडून पोहत मात्र निघायचे नाही. पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो. जवळ वाटणारा काठ दूर असतो आणि चांगला पोहणाराही थकतो. फळी तरंगते, म्हणून तीच आधार असते. त्याचबरोबर अंगात जीवरक्षक जाकीट हवे आणि काठावर लक्ष ठेवणारा जाणकार हवा. काठाकडून आत वाहणारा वारा दूर ढकलत नेतो, म्हणून अशा वाऱ्यात शिकाऊ माणसाने उतरू नये.

तळ्यावर शिकलेला खेळाडू मोठी मजल मारू शकतो. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या खेळांचे शिक्षण देणारी संस्था आहे. तेथे तयार झालेल्या मध्य प्रदेशातील इबाद अली यांनी २०२३ साली चीनमधील आशियाई क्रीडास्पर्धांत विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळवले. समुद्र त्यांच्या राज्यात कोठेच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, धरणात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. शांत दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही. म्हणून शिकवणारा सोबत असल्याशिवाय कोणत्याही जलाशयात उतरू नका. काठावर उभे राहून वारा वाचण्याचा सराव मात्र आजपासूनच करा. कोणता पट्टा काळा आहे, तो कोणीकडे सरकतो आहे आणि तो काठाला केव्हा लागेल, याचा अंदाज बांधा. तुमचा अंदाज बरोबर आला की नाही, हे पाणीच तुम्हांला सांगेल.