बारी आमच्या बुवांची

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप, टाळेबंदी आणि मोर्चे यांची दप्तरे पुष्कळ चाळली. परंतु पाळी सुटल्यानंतर तेथला कामगार कोणाचे गाणे ऐकायला जाई, आणि त्या गाण्यापायी तो कोणाशी जिवाभावाचा स्नेह जोडी व कोणाशी महिनोन् महिने अबोला धरी, याची नोंद त्या मानाने त्रोटकच राहिली. लालबाग, परळ, डिलाइल रोड, नायगाव या टापूत एखाद्या चाळीच्या पटांगणात दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसले, आणि त्यांच्या पाठीशी पखवाज, तबला, झांज व कोरस यांची फौज मांडी ठोकून बसली, की जो समुदाय जमे तो निव्वळ भाविकांचा म्हणता येत नसे. तो उघड उघड पक्षपात्यांचा असे. या प्रकाराला डबलबारी म्हणतात. पाश्चात्त्य देशांत रॉक संगीताच्या वाद्यवृंदांना जसे अनुयायी लाभले, तसे अनुयायी आमच्या भजनी बुवांना त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

हा समुदाय कोठून आला हे पाहू गेल्यास थेट कोकणात जावे लागते. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांची रांगच्या रांग उभी राहिली, तेव्हा त्यांत राबायला आलेल्या मनुष्यबळाचा मोठा हिस्सा जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता. बायकामुले गावी आणि पुरुष मुंबईस, असा तो दुभंगलेला संसार. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांतून गावकीची वीस-वीस, तीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत, कारण एकजण रात्रपाळीस गेला म्हणजेच दुसऱ्याला अंग टाकण्यापुरती जागा मोकळी होई. देवघराला त्या खोलीत जागा कोठली? भिंतीवर खिळ्याला टांगलेला पखवाज, फळीवर बासनात बांधलेली पेटी आणि टाळांची पिशवी, एवढेच तेथले देवस्थान होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या पखवाजाची सिद्धता पाहण्यासारखी असे. भजनाच्या आधी परातीत मूठभर कणीक भिजवली जाई आणि तिचा गोळा डाव्या पुडीवर थापून स्वर जुळेपर्यंत कमीजास्त केला जाई. ही कणीक कोणी भिजवायची याचाही रिवाज ठरलेला असे, आणि नव्याने आलेल्या पोराची मंडळातील पहिली हजेरी बहुधा याच कामावर लागे. त्यानंतर त्याला टाळ मिळे, मग झांज, आणि गळा बरा निघाला तर कोरसात जागा. अभंगांची वही मात्र सर्वांची मिळून एक. तिच्यात अभंगाच्या डोक्यावर चालीची खूण म्हणून एखाद्या नाट्यपदाचा मुखडा टिपलेला असे, आणि पुढे बोलपटांचे दिवस आल्यावर सिनेमागीताचा. गिरगावात नाट्यसंगीताचा जो बहर आला, तो परळच्या खोल्यांत अशा रीतीने विठ्ठलाच्या नावावर जमा झाला. चालीमुळे देव बाटतो अशी तक्रार शुद्धिवादी मंडळी तेव्हाही करीत आणि आजही करतात. दिवसभर साच्याच्या खडखडाटात उभे राहिलेल्या माणसाला ज्या चालीने चित्त एकाग्र करता आले, ती चाल सोवळीच मानावी, असे माझे मत आहे.

याच वातावरणातून फुलाजीबुवा नांदगावकर आणि शिवरामबुवा वरळीकर यांच्यासारखे गायक लोकप्रिय झाले. पुढे 'हमारी याद आयेगी' या १९६१ च्या चित्रपटाला संगीत देणारे स्नेहल भाटकर हेही मूळचे भजनाचेच मानकरी. डबलबारीच्या रंगणात परशुराम पांचाळ, काशीराम परब, चंद्रकांत कदम या बुवांची नावे कोकणी माणूस अजूनही कुस्तीगिराचे नाव घ्यावे तशा आवेशाने घेतो. सामन्याचा दस्तूर साधारण असा: स्तवन आणि नमन, मग रूपाचा अभंग, त्यानंतर अभंग, गौळण, आणि अखेर गजर. गजराच्या ओघात पहिला बुवा पुराणातील एखादे अवघड कोडे घालतो, समोरच्याच्या गाण्यावर अथवा मागील बारीतील चुकीवर कोटी करतो, आणि झांजेची लय चढत जाऊन मंडप दणाणू लागतो. दुसऱ्या बुवाने आपल्या बारीत त्याचा निवाडा करायचा आणि उलट सवाल टाकायचा. रात्र सरते, पण फैसला बहुधा लागत नाही. तो श्रोते आपापल्या सोयीने लावून घेतात, आणि खरी मैत्री तेथून पुढे सुरू होते.

कारण एका बुवाचे चाहते असणे हे नाते गावकीच्या नात्याहून वेगळे होते. गावकी जन्माने मिळे; बुवा मात्र ज्याने त्याने आपला निवडलेला असे. मालवणकडचा विणकर, राजापूरचा जॉबर आणि दादरच्या छापखान्यातला जुळारी, हे तिघे एरवी एकमेकांच्या उंबऱ्याशी गेले नसते. पण एका आवाजापायी ते शिवडीपासून भांडुपपर्यंत बरोबर हिंडत, एका कपातला चहा अर्धा अर्धा करीत, आणि शेवटची गाडी चुकली तर फलाटावर बसून पहाटेपर्यंत त्याच गजराची चिकित्सा करीत. कॅसेटचे युग आल्यावर सामने ध्वनिमुद्रित होऊन विकले जाऊ लागले, तशा या कॅसेटी उसनवारीनेही घरोघर फिरल्या. अमेरिकेत १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षे गाजलेल्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाच्या अनुयायांची रीत थेट अशीच होती. 'डेडहेड' म्हणवणारी ती मंडळी गावोगाव वृंदामागे जात, कार्यक्रम टेपवर उतरवून घेत आणि त्या टेपा पैसा न घेता आपसांत वाटत. त्यांतील कित्येकांना त्या मैफलींत उपासनेचा अनुभव येई. त्यांना त्यासाठी नवा पंथ कल्पावा लागला, आमच्याकडे तुकोबांचा अभंग आधीपासून हाताशी होता, एवढाच काय तो फरक.

या चाहत्यांना सरसकट वारकरी समजणे मात्र चुकीचे ठरेल. माळकरी त्यांत थोडे; बांगड्याच्या तिखल्यावर यथास्थित जेवून गजराला येणारेच अधिक. पुष्कळांचे राजकारण लाल बावट्याचे, आणि देवळाशी संबंध सणावारापुरता. तरीही त्यांच्यापैकी प्रत्येकाचा एक अभंग ठरलेला असे. बुवांनी तो घेतला की तेवढ्यापुरता हा इसम आरडाओरडा थांबवी आणि मान खाली घाली. शेजारच्या मित्राला त्याचे कारण ठाऊक असे, पण तो विचारीत नसे. मंडळातील कोणी वारले, तर त्याच्या अंत्ययात्रेपुढे टाळ वाजवीत त्याचाच अभंग म्हणण्याची जबाबदारी मित्रांवर येई, आणि त्यासाठी एक खाडा पडला तरी त्याची फिकीर कोणी करीत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत. खोल्या विकल्या गेल्या, मंडळी डोंबिवली, दिवा, विरार, बदलापूरकडे पांगली. १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह, जे १९२२ पासून कामगारांच्या आणि कोकणच्या कलांचे हक्काचे घर होते, तेही पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झाले. पण पांगलेली मंडळी रोज कामासाठी पुन्हा याच बाजूला येत होती, आणि गाडीचा तास-दीड तासाचा प्रवास त्यांना फुकट मिळालेला होता. उपनगरी गाड्यांच्या ठरावीक डब्यांतून भजनी मंडळे उभी राहिली. पखवाजवाल्यासाठी जागा धरून ठेवणे, दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा करणे, निवृत्त होणाऱ्या सभासदाला शाल-श्रीफळ देणे, असा त्यांचाही कारभार चालू झाला. डुलकी घेऊ पाहणारे सहप्रवासी याविरुद्ध रेल्वेकडे तक्रारी करतात, आणि त्यांची बाजू अगदीच गैरवाजवी नाही. सकाळी सातला डोक्याशी झांज वाजणे सर्वांनाच मानवेल असे नाही. त्या तक्रारीवर मंडळांकडून येणारा जबाब असा की, शेजारचा डबा रिकामा नसला तरी शांत आहे, तिकडे जावे; आणि ज्याला ताल धरता येतो त्याने येथेच थांबावे, एक टाळ शिल्लक आहे.